आजार एकाच माणसाचा, रकाने अनेक

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. कारणांच्या यादीत कौटुंबिक समस्यांचा वाटा ३१.७ टक्के, तर आजारपणाचा १८.४ टक्के आहे. सार्वजनिक चर्चा बहुधा येथेच थांबते. मात्र ‘आजारपण’ या शीर्षाखाली आणखी काही उपशीर्षे आहेत : एड्स व गुप्तरोग, कर्करोग, पक्षाघात, वेड अथवा मानसिक आजार, आणि अखेरीस ‘इतर दीर्घकालीन आजार’. आजारपणामुळे झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद यांपैकी एकाच रकान्यात होते. दहा वर्षे सांध्यांच्या वेदना सोसून नैराश्याच्या गर्तेत गेलेली एखादी स्त्री या तक्त्यात एक तर मानसिक रुग्ण असते किंवा दीर्घकालीन रुग्ण. दोन्ही असण्याची सोय तक्त्यात नाही.

ही केवळ तक्त्यातील उणीव असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आपली संपूर्ण आरोग्यव्यवस्था याच तक्त्याप्रमाणे विचार करते. ती माणसाला दोन प्रकारे कापते. एकदा शरीर आणि मन असे, आणि दुसऱ्यांदा बालक, किशोर, प्रौढ आणि वृद्ध असे. आजार मात्र या रेषा पाळत नाही. ज्या रुग्णांच्या बाबतीत हे सर्वाधिक ठळकपणे दिसते, ते म्हणजे स्वयंप्रतिकार विकारांचे रुग्ण.

शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा त्यास स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणून ओळखला जाणारा संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, थायरॉइडचे काही विकार, बालपणी उद्भवणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह ही त्याची परिचित रूपे. हे आजार सहसा बरे होत नाहीत. ते आटोक्यात ठेवावे लागतात. यांपैकी बहुतेकांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि आजाराची सुरुवात बहुधा तारुण्यात, शिक्षण, विवाह व मातृत्व यांच्या वर्षांत होते.

या आजारांत मनावर आघात तीन वाटांनी होतो. पहिली वाट प्रत्यक्ष आजाराची. ल्युपस मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने १९९९ मध्ये ल्युपसशी निगडित १९ मज्जासंस्थीय व मानसिक लक्षणसमूहांची यादी केली. तीत भ्रमिष्टावस्था, नैराश्यासारखे भावविकार, चिंताविकार आणि स्मृती व आकलनातील बिघाड यांचा स्पष्ट समावेश आहे. दुसरी वाट औषधाची. अशा रुग्णांचा जीव वाचवणारी स्टिरॉइड्स मोठ्या मात्रेत दिल्यास निद्रानाश, उन्माद, नैराश्य, क्वचित भ्रम निर्माण करू शकतात. बॉस्टन येथील १९७२ च्या एका अभ्यासात प्रेडनिसोनची दैनिक मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत असलेल्या रुग्णांत असे मानसिक परिणाम १.३ टक्के होते. मात्रा ८० मिलिग्रॅमच्या वर गेली तेव्हा ते १८.४ टक्के झाले. तिसरी वाट जगण्याची. सततची वेदना, थकवा, सुजलेला चेहरा, सुटलेली नोकरी, मोडलेली सोयरीक यांच्या ओझ्याखाली मन खचणे यात आश्चर्य ते काय? संधिवाताच्या रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता सुमारे दर सहा रुग्णांमागे एकाला तीव्र नैराश्य आढळले.

या तीन वाटांवरचे उपचार एकमेकांहून भिन्न, प्रसंगी परस्परविरोधी असतात. आजाराने मेंदू ग्रासला असेल तर स्टिरॉइड वाढवावे लागते. स्टिरॉइडमुळेच भ्रम झाला असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. आणि दुःख जगण्यातून आले असेल तर समुपदेशन व नैराश्याचे औषध उपयोगी पडते. कोणती वाट आहे हे ठरवण्यासाठी दोन शाखांच्या डॉक्टरांनी एकाच रुग्णाकडे एकाच वेळी पाहणे आवश्यक असते. आपल्या व्यवस्थेत नेमके तेच घडत नाही.

उलट दिशेनेही हे खरे आहे. २००७ मध्ये वैद्यकशास्त्राने मेंदूच्या दाहाच्या एका नव्या प्रकाराचे वर्णन केले. त्यात शरीरातील प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवर हल्ला करतात. रुग्ण बहुधा तरुण स्त्री किंवा मूल असते. अचानक भास, संशय, असंबद्ध बोलणे सुरू होते आणि घरचे लोक तिला आधी मांत्रिकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. वेळेवर निदान झाल्यास प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांनी यांतील अनेक रुग्ण बरे होतात. निदान न झाल्यास त्यांच्या माथी वेडाचा शिक्का बसतो, आणि काहींचा मृत्यूही ओढवतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटू नये. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वेड्यांच्या इस्पितळांत ‘वेड्यांचा पक्षाघात’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णांची मोठी संख्या होती. त्याचे खापर दुर्वर्तनावर, दारूवर आणि आनुवंशिकतेवर फोडले जाई. १९१३ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले आणि वेडाचा एक मोठा प्रकार संसर्गजन्य आजार ठरला. पुढे पेनिसिलिन आले, आणि ते वॉर्ड रिकामे झाले. मनाचा म्हणून समजला गेलेला आजार शरीराचा निघतो, तेव्हा आधीच्या पिढ्यांनी त्या रुग्णांना काय भोगायला लावले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

भारतात ही विभागणी कायद्यानेच रुजवली. १८५७ च्या उठावानंतर सत्ता राणीच्या हाती गेली त्याच वर्षी, १८५८ मध्ये, वेड्यांसंबंधीचे कायदे आले. त्यांचा भर उपचारांवर नव्हता. वेड्याला कोठे डांबावे आणि त्याच्या मालमत्तेचे काय करावे यावर होता. १९१२ च्या कायद्याने ती चौकट घट्ट केली आणि स्वतंत्र भारताने ती १९८७ चा कायदा येईपर्यंत चालू ठेवली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात नोंद आहे की इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती, भारतात सुमारे ४०,००० लोकांमागे एक. समितीच्या शिफारशींतून १९५४ मध्ये बंगळूरू येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तीच १९७४ पासून निम्हान्स म्हणून ओळखली जाते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि आज तो देशातील बहुतेक जिल्ह्यांपर्यंत पोहोचला आहे. मानसोपचार भिंतींबाहेर आणण्याचे श्रेय या कार्यक्रमांना दिलेच पाहिजे. तथापि बाहेर आल्यावरही तो स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र नोंदवहीसह बसला.

दुसरी कापणी वयाची. मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. १० ते १९ वर्षांच्या किशोरांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. ज्येष्ठांसाठी २०१०-११ पासून वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांसाठी आणखी एक कार्यक्रम आहे. त्याच्या नावात आणि उद्दिष्टांत स्वयंप्रतिकार संधिविकारांना स्थान नाही. प्रत्येक कार्यक्रमाचा आरंभ चांगल्या हेतूने झाला. परंतु बाराव्या वर्षी संधिवात जडलेली मुलगी अठराव्या वर्षी बालरोग विभागाच्या यादीतून वगळली जाते, तेव्हा तिला पुढे कोणाच्या यादीत जायचे हे कोणी लिहून देत नाही. त्याच सुमारास तिचे शिक्षण संपत आलेले असते, विवाहाची बोलणी सुरू झालेली असतात. बहुतांश मानसिक विकारांची सुरुवात वयाच्या पंचविशीच्या आत होते, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे धोका सर्वाधिक असतो, नेमक्या त्याच काळात व्यवस्था तिचा हात सोडते.

निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना आणि प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक विकार आढळला. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे मध्य प्रदेशात ०.०५, तर केरळात १.२ होते. वयाच्या दुसऱ्या टोकाला चित्र अधिक बोलके आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणात साठीवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. ज्यांना पूर्वी नैराश्याचे निदान झाले होते असे स्वतः सांगणारे मात्र अवघे ०.८ टक्के होते. दहापैकी नऊ वृद्धांचे दुःख ‘वय झाले’ या दोन शब्दांत निकाली निघाले होते. गुडघे धरलेली, रात्र रात्र झोप न येणारी आजी घराच्या कोपऱ्यात गप्प बसते, तेव्हा तिला संधिवात आहे की नैराश्य, असा प्रश्न विचारणेच मुळात चुकीचे आहे.

सेवाकाळात उत्तरेकडील एका जिल्ह्यात मी आरोग्य कार्यक्रमांचा आढावा घेत होतो. बैठक संपल्यावर एक निवृत्त शाळामास्तर भेटीस आले. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत मुलीची दोन पुडकी होती. एकात औषधवैद्यक विभागाचे कागद : ल्युपस, स्टिरॉइडची मोठी मात्रा, पुढील तपासणी महिन्याने. दुसऱ्यात मानसोपचार विभागाचे कागद : भ्रम, निद्रानाश, संशय, औषध पंधरा दिवसांचे. दोन्ही पुडक्यांतील पहिल्या चिठ्ठ्यांत जेमतेम नऊ दिवसांचे अंतर होते आणि एकाही कागदावर दुसऱ्या विभागाचा उल्लेख नव्हता. मास्तरांनी शांतपणे विचारले, “साहेब, दोन्ही डॉक्टर एकाच इमारतीत बसतात. त्यांनी एकमेकांशी बोलावे यासाठी अर्ज कोणाकडे करायचा?” अधिष्ठात्यांना दूरध्वनी करून तिची एकत्रित तपासणी घडवून आणता आली. पण तो मार्ग जिल्ह्यातील एका मुलीसाठी खुला झाला, तोही तिचे वडील चिकाटीचे होते म्हणून. त्या बैठकीत माझ्यासमोर दोन विभागांची दोन मासिक विवरणपत्रे होती. ती दोन वेगळ्या नमुन्यांत भरून दोन वेगळ्या संचालनालयांकडे जात. दोन्हीकडे ही मुलगी ‘उपचार सुरू’ या आकड्यात मोजली गेली होती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ प्रत्येकाला मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. ही सेवा प्राथमिकपासून तृतीयक स्तरापर्यंत सर्वसाधारण आरोग्यसेवेत आणि शासनाच्या सर्व आरोग्य कार्यक्रमांत समाविष्ट करण्याचे बंधन ते शासनावर घालते. बालकांसाठी व वृद्धांसाठी मानसिक आरोग्यसेवेचा उल्लेखही त्याच कलमात आहे. ‘सर्व आरोग्य कार्यक्रमांत’ हे शब्द मोलाचे आहेत. त्यांचा अर्थ मनोविकार विभागाचा विस्तार एवढाच नाही. संधिवाताच्या, थायरॉइडच्या, मुलांच्या मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातही मनाची विचारपूस झाली पाहिजे, असा तो आहे.

अन्य कायदे मात्र जुन्या रेषांवरच चालतात. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. ल्युपसचे नाव नाही. चढउतारांचे हे आजार मोजायचे कसे, हा प्रश्नही आहे : तपासणीच्या दिवशी रुग्ण बरी चालते आणि पुढच्या महिन्यात अंथरुणाला खिळते. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावे, असे २०१७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते. त्याच्या अंमलबजावणीसाठी विमा नियामकाला २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये परिपत्रक काढावे लागले. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. संधिवात काय आणि नैराश्य काय, दोन्हींचा खरा खर्च बाह्यरुग्ण विभागात, दरमहाच्या औषधांवर आणि प्रवासावर होतो. तो कुटुंबाच्याच खिशातून जातो.

आणि मग विवाहाचा प्रश्न. हिंदू विवाह अधिनियमानुसार विशिष्ट तीव्रतेचा मानसिक विकार हा घटस्फोटाचा आधार ठरू शकतो. कायद्यातील मर्यादा काटेकोर आहेत, पण आई-वडिलांना त्या ठाऊक नसतात. त्यांना एवढेच कळते की मनोविकार विभागाचा कागद उद्या मुलीविरुद्ध वापरला जाईल. म्हणून ल्युपसचा कागद जपून ठेवला जातो आणि मानसोपचाराचा फाडला जातो. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही, हे २०१७ च्या कायद्यातील कलम ३ चे आश्वासन किती कुटुंबांपर्यंत पोहोचले आहे?

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. जो देश अद्याप क्षयरोग आणि कुपोषण यांच्याशी झुंजतो आहे, त्याने तुलनेने विरळ अशा आजारांची चिंता का वाहावी? माझे उत्तर क्षयरोगाच्याच अनुभवातून येते. एकेकाळी क्षयरोग आणि एचआयव्ही यांचे कार्यक्रम स्वतंत्र होते, त्यांचे अधिकारीही वेगळे होते. रुग्ण मात्र अनेकदा एकच होता, आणि तो दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत मरत होता. पुढे संयुक्त आराखडा आला. क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी आणि एचआयव्हीबाधिताला प्रत्येक भेटीत खोकला, ताप, घटलेले वजन आणि रात्रीचा घाम यांविषयी चार प्रश्न, असा नियम झाला. २०१७ मध्ये क्षयरोग आणि मधुमेह यांच्यासाठीही असाच दुहेरी तपासणीचा आराखडा आला. यासाठी नव्या इमारती उभारल्या नव्हत्या. एका नोंदवहीत दुसऱ्या आजाराचा रकाना घातला गेला आणि तो भरण्याची जबाबदारी नावानिशी ठरवली गेली. म्हणजे हे काम प्रशासनाला जमते. त्याने ते करून दाखवले आहे.

इमारतींवाचून काय घडू शकते याचे आणखी जुने उदाहरण अमृतसरचे आहे. १९५० च्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारले आणि रुग्णांसोबत त्यांच्या कुटुंबीयांना राहायला बोलावले. खाटा अपुऱ्या होत्या, पैसा नव्हता. नातेवाइकांना आजार समजला, रुग्ण लवकर घरी परतू लागले. पुढे देशभर रुजलेल्या कुटुंबाधारित मानसोपचाराची ती सुरुवात होती.

त्याच धर्तीवर पाच गोष्टी आज करता येतील. एक, दीर्घकालीन आजाराच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात दर भेटीला दोन साधे प्रश्न विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटेनासा झाला आहे का, आणि मन उदास वा निराश राहते का? उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णाला त्याच दिवशी, त्याच इमारतीत समुपदेशक भेटावा. दोन, भ्रमाचा पहिला झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाची शारीरिक तपासणी आणि थायरॉइडसह मूलभूत रक्तचाचण्या व्हाव्यात. ताप, झटके किंवा सांध्यांची सूज सोबत असेल तर तो मेंदूविकार वा औषधवैद्यक विभागाकडे पाठवलाच जावा. तीन, स्टिरॉइडची मोठी मात्रा सुरू करताना कुटुंबाला मनावरील संभाव्य परिणाम सांगावेत आणि औषध आपल्या मनाने अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते हेही सांगावे. चार, अठराव्या वर्षी बालरोग विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दीर्घकालीन रुग्णाच्या हाती पुढील डॉक्टरचे नाव आणि पहिल्या भेटीची तारीख लिहिलेला कागद असावा. पाच, पुढील राष्ट्रीय सर्वेक्षणांत आणि आत्महत्यांच्या नोंदींत शारीरिक व मानसिक आजार एकत्र नोंदवण्याची मुभा असावी.

शेवटची मागणी कारकुनी वाटेल. ती तशी नाही. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळतो आणि त्याच्या आयुष्यभराच्या रुग्णालयीन नोंदी त्याला जोडलेल्या असतात. त्या नोंदींवरूनच २०११ मध्ये दिसून आले की स्वयंप्रतिकार आजारासाठी रुग्णालयात गेलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका इतरांहून २९ टक्के अधिक असतो. प्रत्येक व्यक्तीपुरता तो धोका लहानच राहतो. परंतु हे नाते आहे, हे कळण्यासाठी आधी दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावावर असाव्या लागतात. भारतात आता आभा क्रमांकाच्या रूपाने तशी सोय होऊ घातली आहे. मात्र मानसिक आजाराची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. रुग्णाच्या संमतीवाचून नोंदी जोडल्या गेल्या, तर कागद फाडणाऱ्या आई-वडिलांची भीती खरी ठरेल आणि लोक रुग्णालयाची पायरीच चढणार नाहीत.

ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास उपलब्ध आहे. ज्यांना आज, आत्ता बोलण्याची गरज आहे त्यांनी तिचा आधार जरूर घ्यावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर ‘आजारपण’ या शीर्षाखालील १८.४ टक्के मृत्यूंकडे प्रथम पाहावे लागेल. कारण त्यांतील बहुतेक माणसे कधी ना कधी एखाद्या डॉक्टरसमोर बसलेली असतात, त्यांच्या हातात एखादा केसपेपर असतो. त्या केसपेपरवर मनाविषयीच्या दोन ओळी छापण्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची गरज नाही. आरोग्य सचिवांच्या स्वाक्षरीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.